एक जूनची लेकरं

भिवराबाई पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या ऑफिसात आली तेव्हा शनिवारचे अकरा वाजले होते. कशाचे पेढे ते आधी विचारायची रीत असते, पण गोड दिसलं की मला रीतभात सुचत नाही. मी एक पेढा तोंडात टाकून मोकळी झाले.

ऑफिस म्हणजे गेवराईत खताच्या दुकानावरची एक खोली. टेबल, लॅपटॉप, कुरकुरणारा पंखा आणि मी, शिवकन्या. मी वेबसाइट बनवते. मंगल कार्यालयांच्या, कोचिंग क्लासच्या. एकदा एका बँडपथकाचीही बनवली होती, ती उघडली की आपोआप ढोल वाजायचा. पण या वर्षीचं एक काम माझ्या जिवाजवळचं होतं. आमच्या चकलांब्याजवळ ‘उजेड’ नावाचं वसतिगृह आहे. आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरांनी मागे राहून शाळा शिकावी म्हणून ते सहा महिने चालतं. त्याच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म मी बनवला होता. मी स्वतः लहानपणी दर वर्षी अर्धी शाळा उसाच्या फडात बुडवलेली पोर, त्यामुळे हे काम मी मागूनच घेतलं होतं.

वसतिगृह सांभाळतात गहिनीनाथ सर. आमच्याच गावच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांची एकच अट होती की प्रत्येक नाव फॉर्ममधूनच आलं पाहिजे. आदल्या वर्षी पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्यांनी दहा जागा खाल्ल्या होत्या आणि सरांचा बीपी वाढला होता. तेव्हा मागच्या दाराने एकही नाव आत घालणार नाही, असा शब्द मी त्यांना छातीठोकपणे दिला होता. फॉर्म त्याच शनिवारी संध्याकाळी सहाला आपोआप बंद होऊन यादी देणगीदारांकडे जाणार होती. खाटा आणि धान्य त्या यादीवरून येतं. रविवारी सकाळी तोडणीच्या गाड्या निघणार होत्या.

भिवराबाई आमच्या गावची, शहादेवदादाची बायको, म्हणून माझी वहिनी. तिच्यामागे तिची लेक राजनंदिनी उभी होती. सहावीतली, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि चेहऱ्यावर न मावणारं हसू.

“ताई, माझं नाव आधीपासूनच होतं!” राजनंदिनी म्हणाली.

मी पेढा चावायची थांबले. कारण ‘आधीपासून’ हा शब्द माझा होता, आणि तो मी कुठे लिहिलाय हे मला चांगलं ठाऊक होतं.

इथे मला माझी हुशारी सांगावी लागेल. फॉर्म भरताना कुणाची चूक झाली तर ती दाखवायची आयती सोय फ्रेमवर्कमध्ये असते. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. तो चुकांची एक यादी करतो आणि पानाच्या वरच्या टोकाला लाल अक्षरांत लावून देतो. मी ती यादी मराठीत आणली आणि हात झटकले. पहिल्या चार दिवसांत दीडशे जणांनी फॉर्म उघडला, आणि अर्ज आले अकरा. सरांचा फोन आला, “शिवकन्या, वस्तीवर म्हणतात कॉम्प्युटर नापास करतोय.” बरोबरच होतं त्यांचं. तीस वर्षं सरांनीच या लोकांच्या वह्यांवर लाल पेन फिरवलं होतं. लाल दिसलं की लोक मुकाट्याने फोन खिशात ठेवत होते.

मग मी सांगाड्याची ती आयती यादी काढून टाकली, स्वतःचा छोटा टेम्पलेट लिहिला आणि फ्रेमवर्कला बजावलं, इथून पुढे चुका या साच्यात दाखवायच्या. त्यात लाल कुठेच नव्हतं. छान, शांत, पोपटी हिरवा चौकोन, कडा गोल केलेल्या. पंधरा मिनिटांचं काम. अर्ज अकराचे पंचावन्न झाले आणि मी स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

आता दुसरी हुशारी. एकाच लेकराचा अर्ज दोनदा येऊ नये म्हणून मी एक नियम घातला होता. मोबाईल नंबर तोच आणि जन्मतारीखही तीच, तर लेकरू तेच. मग अर्ज आत घ्यायचा नाही, आणि हिरव्या चौकोनात सांगायचं, ‘ही नोंद आधीपासून आहे.’

“सोमेश्वरचं भरलं तर नुसतं ‘अर्ज मिळाला’ आलं, काळ्या अक्षरात,” भिवराबाई सांगत होती. सोमेश्वर म्हणजे राजनंदिनीचा धाकटा भाऊ. “अन् हिचं भरलं तर हिरवंगार! आधीपासून हाय म्हनं. मी म्हनलं, बघा, पोरीचं नाव सरांनी आधीच धरून ठिवलंय. मग मी समद्या वस्तीला सांगितलं, हिरवं आलं की समजायचं पक्कं!”

मी लॅपटॉप उघडला. सोमेश्वर यादीत होता. जन्मतारीख एक जून दोन हजार चौदा. राजनंदिनी कुठेच नव्हती.

“वहिनी, ही दोघं जुळी आहेत का?”

“जुळी? ह्या पोरीनं सोम्याला कडंवर घिऊन वाढीवलाय!”

मग उलगडलं. राजनंदिनी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा घरदार तोडणीवर गेलेलं. म्हणून पुढे धाकट्याबरोबर एकाच दिवशी दोघांची नावं घातली. जन्माचा दाखला नव्हता. मास्तरांनी दोघांना सहा-सहा वर्षांचं धरलं आणि दोघांपुढे एक जून लिहिला. आमच्याकडे असंच असतं. शाळा जूनमध्ये भरते, तेव्हा ज्याचा जन्म कुणाला सांगता येत नाही तो एक जूनला जन्मतो. पुढे आधार कार्डही त्याच तारखेचं निघतं. चकलांब्यात एक जूनला जन्मलेल्यांनी एकदम मेणबत्त्या विझवल्या तर गावात अंधार होईल.

आणि खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. माझी जन्मतारीख एक जून आहे. माझा धाकटा भाऊ प्रविण, त्याचीही तीच, सालासकट. मी बनवलेल्या फॉर्मने मलाच आत घेतलं नसतं. सहा आठवडे मी त्या नियमाकडे बघत होते आणि एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला स्वतःचा इतका राग आला की उरलेला पेढा गिळवेना.

किती वेळा ती ‘आधीपासून’ची ओळ दिसली त्याची मोजदाद सर्व्हरवर होती. एकोणीस. एकोणीस लेकरांच्या घरी आज आनंद होता आणि त्यातल्या एकाचंही नाव यादीत नव्हतं.

मी सगळं सांगून टाकलं. सांगताना भिवराबाईकडे बघवत नव्हतं, म्हणून पंख्याकडे बघत सांगितलं. राजनंदिनीचं हसू गेलं. तिने एक वेणी पुढे घेऊन रिबीन बोटाला गुंडाळली.

“म्हंजी मी उद्या गाडीत?” तिने विचारलं. उद्या गाडीत म्हणजे सहा महिने फडावरच्या चुलीपुढे, हे तिला माहीत होतं, मलाही.

“ताई, नाव तुमीच घाला की मागल्या बाजूनं,” भिवराबाई म्हणाली. “तुमच्याच हातात हाय ना?”

हातात होतं. एका ओळीचं काम. पण शब्द दिलेला होता, आणि दुसरं म्हणजे बाकीची अठरा लेकरं कोण, हे मला माहीतच नव्हतं. फॉर्मने त्यांना परत पाठवताना त्यांची नावंही ठेवली नव्हती. एकीला मागून घ्यायचं आणि अठरांना सोडायचं, हे मला जमलं नसतं. मी लॅपटॉप बंद केला. “चला गावाकडे,” मी म्हटलं. राजनंदिनीला मधे बसवलं, तिच्या मांडीवर लॅपटॉप, स्कूटीच्या हुकाला पेढ्यांचा पुडा, आणि ट्रिपल सीट आम्ही चकलांब्याला निघालो.

घरी आई, म्हणजे विमलबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. आईने बावीस हंगाम ऊस तोडलाय. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मला वाटलं होतं तशी चिडली नाही. नुसती हसली.

“लाल करून झालं, हिरवं करून झालं. आता काय, निळं का?”

“आई, चेष्टा नको. सहाला फॉर्म बंद होतो.”

“मंग ऐक. फडात मोळी सैल बांधली असली तर गाडीवर रचनारा गडी काय करतो? मोळी सोडून ऊस इस्कटून देतो का? न्हाई. सैल जागंवर बोट ठिवतो, म्हनतो, हितं आवळ. मोळी हाय तशी ऱ्हाती, तेवढंच आवळायचं. तुझं यंत्र तर समदी मोळीच सोडून टाकतंय, अन् वरून कायतरी कुजबुजतंय.”

बरोबर होतं. एक चूक झाली की माझं पान काढलेला फोटोही पुसत होतं, आणि लोकांना सगळं पहिल्यापासून भरायला लागत होतं. मी ओट्यावरच मांडी घातली. चुकांची ती वरची यादी काढूनच टाकली. जिथली चूक, त्याच रकान्याच्या खाली ओळ. पान आपोआप तिथेच जाऊन थांबेल, आणि भरलेलं सगळं जागच्या जागी राहील. रंग आईनेच सुचवला, हळदीचा. लग्नाच्या पत्रिकेला लावतात तसं हळदीचं बोट, म्हणजे कुणी घाबरणार नाही आणि कुणी पेढेही वाटणार नाही.

मग शब्दांवर आलो. प्रत्येक रकान्याला आपला वेगळा संदेश देता येतो. मी लिहिलं, ‘कृपया वैध मोबाईल क्रमांक प्रविष्ट करा.’ आईला वाचून दाखवलं.

“हे कोन बोलायलंय? तहसीलदार?”

“मग तू सांग.”

“लिही. वरचं समदं बरोबर हाय, फकस्त मोबाईलचा एक आकडा ऱ्हायला, मोजून बगा.”

“अगं, फॉर्मवर ‘हाय’ लिहीत नसतात.”

“कावून? फॉर्म कुनाचा हाय?”

मी ‘हाय’ लिहिलं. मी लिहीत गेले, ती शेंगा फोडत सांगत गेली. तेवढ्यात गहिनीनाथ सर मोटारसायकलवरून आले, मी वाटेतून फोन केलाच होता. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्यांच्यातला मराठीचा मास्तर कळवळला. “शिवकन्या, लेखी भाषेत ‘ऱ्हायला’? ‘बगा’?”

“सर, ते राहू द्या. या लेकरांच्या एक जूनचं ऐकलंत का?”

सांगितलं तसे सर खाली ओट्यावर बसले. चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

“ती तारीख मीच लिहिलीय,” ते म्हणाले. “राजनंदिनीची, सोमेश्वरची, तुझी. तेव्हा वाटायचं, पोराचं नाव पटावर तर येतंय.”

“आलं की सर. नाहीतर मी कुठली शिकले असते?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूहळू त्यांच्या मिशीखाली हसू फुटलं. “निम्म्या गावाचा जन्म माझ्या पेनातून झालाय म्हणायचा. लिही बाई, विमलबाई सांगतील तसं लिही.”

एकच अर्ज दोनदा न घेण्याचा तो नियम मी मोडला नाही, वळवला. नंबर आणि तारीख जुळली तर फॉर्म आता अर्ज परत करणार नव्हता, हळदीच्या ओळीत विचारणार होता: ‘ह्याच तारखेचं अजून एक लेकरू तुमच्या घरचं हाय. हे दुसरं हाय ना?’ आणि शेजारी ‘हो’चं बटण. ‘हो’ म्हटलं की अजून एक रकाना उघडणार होता: ‘मंग ह्याचा जन्म घरात कधीचा सांगतात, ते लिवा.’ म्हणजे दोघांची गल्लत होणार नाही. त्या रकान्याला मी कसलीच तपासणी लावली नाही.

अडीचला नवा फॉर्म चालू झाला. आता एकोणीस लेकरं शोधायची होती. भिवराबाई पदर खोचून उभी राहिली. “मीच सांगितलंय समद्यायला हिरवं म्हंजी पक्कं. मीच जाते उलटं सांगाया.” आणि फोन घेऊन ती वस्त्या फिरायला निघून गेली.

तासाभरात आमच्या अंगणात जत्रा भरली. घराघरांत उद्याची बांधाबांध चालली होती, ती टाकून माणसं आली होती. कुणाच्या हातात पेटीचं कुलूप, कुणाच्या काखेत कोंबडी. आसाराम नावाचा ट्रॅक्टरवाला गडी सगळ्यांत आधी बसला. गावाचा रकाना मोकळा सोडून त्याने बटण दाबलं आणि फोनकडे बघून खो-खो हसायला लागला. मोठ्याने वाचलं, “‘गावाचं नाव ऱ्हायलं. आभाळातून पडलाव का?’ ओ विमलबाई, तुमी कवा ह्याच्या आत जाऊन बसलाव?”

“बसले. तू गाव लिही आधी,” आई म्हणाली.

मग तर लोक चुकायलाच लागले. विमलबाई अजून काय काय बोलते ते बघायला एकाने मुद्दाम बारा आकडी नंबर टाकला. सर प्रत्येकाला ‘हो’ दाबायला लावत होते आणि प्रत्येक एक जूनला कपाळावर हात मारून घेत होते. मी वहीत रेघा मारत होते. सात, अकरा, पंधरा. साडेपाचला अठरा झाले.

एकोणिसावी आमच्या पायरीवर बसली होती. फॉर्मला आईबरोबरचा फोटो लागत होता, आणि भिवराबाईचा पत्ता नव्हता. फोन लावला तर लागेना. पावणेसहा झाले. राजनंदिनीने रिबीन सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी हिची आई रानोमाळ फिरत होती आणि हिचंच नाव राहणार असं दिसत होतं. सर रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. आसारामने कुणी सांगायच्या आत ट्रॅक्टर चालू केला.

पाच पन्नासला ट्रॅक्टर परत आला. मडगार्डवर भिवराबाई, एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पदर धरलेली. “लांबल्या वस्तीवर गेलते!” ती दुरूनच ओरडली. “समदे झाले का?”

“तुझी लेक सोडून समदे!” आई ओरडली.

फोटो काढला. घामाने डबडबलेली आई आणि डोळे मोठे केलेली लेक. फॉर्म राजनंदिनीनेच भरला, कुणाला हात लावू दिला नाही. बटण दाबलं. खाली हळदीचं बोट उमटलं. ती घाबरली नाही. शांतपणे वाचलं, “वरचं समदं बरोबर हाय, फकस्त मोबाईलचा एक आकडा ऱ्हायला.” मोजला, राहिलेला आठ घातला, पुन्हा दाबलं. मग तो प्रश्न आला. हे दुसरं लेकरू हाय ना?

“हो,” ती मोठ्याने म्हणाली आणि दाबलं.

रकाना उघडला. ती थांबली. पाच चोपन्न.

“आई, माझा जन्म कवाचा?”

भिवराबाई अजून धापा टाकत होती. “होळीच्या आदल्या दिवशीचा. फडातच की. दुपारी मोळ्या बांधताना पोटात कळा आल्या, अन् दिस मावळायच्या आत तू. तुझ्या आत्यानं तुला पहिलं उसाच्या रसाचं बोट चाटवलंय.”

“हे मला कदी सांगितलं न्हाई,” राजनंदिनी म्हणाली.

“कुनी इचारलंच न्हाई आजवर.”

राजनंदिनी एका बोटाने लिहू लागली. होळीच्या आदल्या दिवशी, फडात, दिवस मावळायच्या आधी. सर ओठांनी प्रत्येक अक्षर म्हणत होते आणि ऱ्हस्व-दीर्घाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. पाच सत्तावन्नला तिने बटण दाबलं.

हिरवा चौकोन आला. आता तो मी फक्त याच कामासाठी ठेवला होता. ‘अर्ज मिळाला. राजनंदिनी, तुजी जागा हाय. ये.’

सगळे भिवराबाईकडे बघत होते. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग माझ्याकडे संशयाने बघितलं.

“ताई, हे खरं हिरवं का तसलंच?”

मी लॅपटॉप फिरवून यादी दाखवली. सोमेश्वरच्या खाली राजनंदिनी. भिवराबाईने पडद्यावर बोट ठेवून ते नाव दोनदा वाचलं आणि पोरीला अशी मिठी मारली की दोन्ही रिबिनी सुटल्या. आसारामने उगीचच ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवला. मी रडले, लपवत नाही. मग वहिनीने स्कूटीच्या हुकावरून पुडा काढला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला. “सकाळचा धरू नका,” ती म्हणाली. “आजचा हा पहिला.”

मार्चमध्ये, होळीच्या आदल्या दिवशी, मी वसतिगृहात गेले होते. दारातल्या फळ्यावर सरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘आज राजनंदिनीचा वाढदिवस’. ज्या हाताने तिच्यापुढे एक जून लिहिला होता त्याच हाताने, आणि खडू त्यांनी हळदीच्या रंगाचा घेतला होता. तेवढ्यात फडावरून भिवराबाईचा फोन आला. मागून कोयत्यांचा आवाज येत होता. राजनंदिनीने फोन कानाला लावला आणि हॅलोही न म्हणता ओरडली, “आई, दिस मावळायचा हाय अजून, मी जन्मलेच न्हाई!”